खोडरबर ठेवा बाजूला: फोटोतलं सिलेक्शन आणि मास्क, पहिल्यापासून

नथीचे तीन मोती खोडून टाकले, ही माझी या कामातली पहिली कामगिरी. तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम लावायला नुकताच लागलो होतो. नवरीचा एका बाजूनं घेतलेला फोटो, मागं हॉलचा भडक पडदा. पडदा घालवून पानावर नुसती नवरी ठेवायची होती. मी इरेझर घेतला आणि गालाच्या कडेकडेनं पडदा खोडत गेलो. चेहऱ्याच्या रेषेबाहेर लोंबणारे नथीचे मोतीही पडद्याबरोबर गेले, ते काही माझ्या लक्षात आलं नाही. फाइल त्याच नावानं सेव्ह केली, अल्बम छापून आला. नवरीच्या आईनं पहिल्याच पानावर बोट ठेवलं, "नथ अर्धी कुठं गेली हो?"

मूळ फोटो फोटोग्राफरच्या कार्डात सापडला म्हणून निभावलं. इरेझरला मात्र मी तेव्हापासून हात लावलेला नाही. फोटोतला काही भाग नको असेल तर तो झाकायचा, खोडायचा नाही. झाकण्याच्या या सोयीला मास्क म्हणतात, आणि नेमकं कुठवर झाकायचं ते ठरवण्याला सिलेक्शन. नवी मंडळी या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून शिकतात आणि दोन्हीत अडकतात. खरं तर ती एकच गोष्ट आहे, हे पुढं हातानं करून बघालच.

कशावर शिकायचं

मी इथं गिम्प हा फोटो सुधारायचा प्रोग्रॅम धरून लिहितो आहे. तो फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, आणि फार ताकदीचा संगणक मागत नाही. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. तुमच्याकडे जुनी २.१० असली तरी या लेखातलं सगळं तिच्यावर होतं. फोटोशॉप वापरत असाल तर बटणांच्या जागा वेगळ्या असतील, डोकं तेच लावायचं आहे. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे, त्याची मांडणी फोटोशॉपच्या वळणाची आहे.

फोनवर शिकू नका, असं मी सांगेन. बोटाच्या टोकाखाली नेमकी कड झाकली जाते आणि आपण कुठं रंगवतोय तेच दिसत नाही. माउस पुरतो. पेन टॅबलेट असला तर चैन.

फोटोबद्दल एक अट मात्र आहे. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं आलेला फोटो सरावाला घेऊ नका. जेपेग फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबून ठेवला जातो, आणि जास्त दाबला की कडांभोवती घाण साचते. शंभर टक्क्यांवर बघितलंत तर केसांभोवती माश्या घोंगावल्यासारखी दिसेल. अशा कडेवर कुठलंच टूल धड चालत नाही, आणि नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. पाठवणाऱ्याला सांगा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव.

पहिला धडा: जास्वंद

पहिल्याच दिवशी माणसाच्या केसांना हात घालू नका. दारातल्या जास्वंदीचा फोटो काढा. लाल फूल, हिरवी पानं, दोन्हींचे रंग एकमेकांपासून कोसभर लांब. शिकायला यापेक्षा सोपं काही नाही.

फोटो गिम्पमध्ये उघडा आणि कीबोर्डवर यू दाबा. फझी सिलेक्ट टूल येईल. एका पाकळीच्या मधोमध क्लिक करा. पाकळीवर तुटक रेघेचं एक बेट उमटेल आणि त्या रेघा सरकत राहतील. इंग्रजीत त्यांना कवायत करणाऱ्या मुंग्या म्हणतात. मुंग्यांच्या आतलं तेवढं निवडलेलं.

पहिल्या क्लिकला बहुतेक पाकळीचा एक तुकडाच येईल. टूलच्या पर्यायांमध्ये थ्रेशोल्ड नावाचा आकडा असतो, तो सुरुवातीला १५ असतो. त्याचा अर्थ असा, की क्लिक केलेल्या रंगापेक्षा एवढाच वेगळा रंग 'आपला' मानायचा. तो ४० करा आणि परत क्लिक करा. पाकळीचा बराच भाग येईल, सावलीतली गडद घडी राहील. ९० करा. आता घडीही आली, पण मागचं वाळकं तपकिरी पानसुद्धा आत घुसलं. लाल आणि तपकिरी लांबचे भाऊबंद, त्याला इलाज नाही. हे आकडे माझ्या फोटोतले आहेत, तुमच्या फोटोत पुढंमागं होतील. आकड्याच्या नादी न लागता माउस दाबून धरा आणि तसाच सरकवा, थ्रेशोल्ड डोळ्यांदेखत कमीजास्त होतो.

आता महत्त्वाचं. एकाच क्लिकमध्ये सगळं फूल मिळवायच्या मागे लागू नका. थ्रेशोल्ड ४०-५० वर ठेवा, पहिली पाकळी घ्या, मग शिफ्ट दाबून दुसऱ्या पाकळीवर क्लिक करा. शिफ्टनं भर पडते. चुकून पान आलं तर कंट्रोल दाबून त्या पानावर क्लिक करा, कंट्रोलनं वजा होतं. दोन्ही एकदम दाबले तर दोन्हींत सामाईक तेवढंच उरतं, त्याची गरज क्वचित लागते. मधला पिवळा दांडा, परागकणांसकट, तसाच बाहेर राहिला असेल. त्यासाठी एफ दाबून फ्री सिलेक्ट घ्या आणि शिफ्ट धरून त्याच्याभोवती हातानं रेघ फिरवा. सिलेक्शन असंच होतं, थोडं या टूलनं, थोडं त्या टूलनं. तांदूळ निवडताना कुणी एका फटक्यात सूप रिकामं करत नाही.

बाकीच्या टूलची ओळख चालता चालता होईल. आर म्हणजे चौकोन, ई म्हणजे लंबगोल. शिफ्ट-ओ म्हणजे रंगानुसार सिलेक्शन. ते एकाच जागेचं न बघता अख्ख्या फोटोत तो रंग शोधतं, झाडावर दहा जास्वंदी असतील तर दहाही देतं. बी म्हणजे पाथ. पितळी तांब्या, मोटारसायकलची टाकी, मोबाइलची कड अशा गुळगुळीत, ठाम आकारांना पाथला पर्याय नाही. बिंदू टाकत जायचं, कड वळते तिथं रेघ ओढून बाक द्यायचा, शेवटी एंटर मारला की पाथचं सिलेक्शन होतं. पहिले दोन तास पाथ वैताग देईल. सिझर्स नावाचं एक टूल आहे, ते स्वतःहून कड शोधतं म्हणतात. मला ते कधी मनासारखं वागलेलं आठवत नाही.

फूल निवडून झालं की वरच्या कलर्स मेनूतून ह्यू-सॅच्युरेशन उघडा आणि ह्यूची पट्टी सरकवा. लाल जास्वंद जांभळी होईल, पानं हिरवीच राहतील. पाच मिनिटं खेळून घ्या. मग कंट्रोल-झेड.

मुंग्या खोटं बोलतात

आता शिफ्ट-क्यू दाबा, याला क्विक मास्क म्हणतात. मुंग्या गायब होतील आणि फूल सोडून सगळा फोटो लालसर काचेमागं गेल्यासारखा दिसेल. फूल लाल आणि पडदाही लाल, त्यामुळं कदाचित गोंधळ उडेल. डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या बटणावर उजवं क्लिक करून पडद्याचा रंग बदलता येतो.

हा लाल रंग उगाच निवडलेला नाही. संगणकाच्या आधी छापखान्यात रुबिलिथ नावाची लाल पातळ फिल्म वापरायचे. पारदर्शक प्लॅस्टिकवर सोलून निघणारा लाल थर. ब्लेडनं आकार कापायचा, नको तिथला थर सोलायचा. छपाईच्या फिल्मला लाल उजेड दिसत नाही, म्हणून जिथं लाल तिथं जणू काळाकुट्ट अडसर, आणि तरी कापणाऱ्याला खालचं चित्र दिसत राहायचं. क्विक मास्कमध्ये आपण तेच करतो, फक्त ब्लेडच्या जागी ब्रश.

ब्रश घ्या, पी दाबून. पांढऱ्या रंगानं रंगवलंत की लाल पडदा फिटतो, म्हणजे तेवढं सिलेक्शनमध्ये येतं. काळ्यानं रंगवलंत की पडदा चढतो. आणि राखाडीनं? अर्धवट. या अर्धवटात सगळी मजा आहे. सिलेक्शन म्हणजे निवडलं किंवा नाही निवडलं असा दोन टोकांचा मामला नव्हे. साध्या आठ बिटच्या फोटोत प्रत्येक पिक्सेलला शून्यापासून २५५ पर्यंत एक आकडा असतो. शून्य म्हणजे अजिबात नाही, २५५ म्हणजे पूर्ण, मधले सगळे कमीअधिक. मुंग्या मात्र फक्त निम्म्याच्या हद्दीवर चालतात. कड मऊ असेल तर मुंग्यांच्या बाहेरही काही भाग थोडाथोडा निवडलेला असतो, पण तो त्या दाखवत नाहीत. सगळंच सिलेक्शन निम्म्याखाली असेल तर मुंग्या दिसतच नाहीत, आणि तरी सिलेक्शन असतं! म्हणून मुंग्यांवर विश्वास टाकण्याआधी शिफ्ट-क्यू दाबून एकदा खरं चित्र बघून घ्यावं.

परत शिफ्ट-क्यू दाबलंत की मुंग्या येतात. तर सिलेक्शन म्हणजे एक काळं-पांढरं-राखाडी चित्र, जे प्रोग्रॅम आपल्यापासून लपवून ठेवतो. हेच चित्र लेयरला, म्हणजे फोटोच्या एकावर एक ठेवता येणाऱ्या थरांपैकी एकाला, कायमचं चिकटवलं की त्याला मास्क म्हणायचं. बस्स, फरक एवढाच.

गॅरेजमध्ये गाडीला स्प्रे मारण्याआधी काचांवर वर्तमानपत्र आणि टेप लावतात तसं सिलेक्शन. रंग मारून झाला, टेप काढला, टेप गेला कचऱ्यात, रंग राहिला गाडीवर. मास्क खिडकीच्या पडद्यासारखा असतो. आज ओढा, उद्या अर्धा सरकवा, बाहेरचं झाड जागच्या जागीच.

दुसरा धडा: आत्याचा चेहरा

माझ्याकडं आत्याचा एक फोटो आहे. ती ओसरीवर बसून सुपात तांदूळ निवडते आहे. मागं निळं लाकडी दार, रंगाचे पोपडे निघालेलं. उन्हाचा पट्टा सुपावर आणि मांडीवर, त्यामुळं तांदूळ लखलखतात आणि खाली वाकलेला चेहरा सावलीत गेला आहे. सगळा फोटो उजळला तर चेहरा दिसतो पण तांदळांचा पांढरा ठिपका होऊन बसतो. फक्त चेहरा उजळायचा आहे. तुमच्याकडंही असा एखादा फोटो असणारच.

लेयरची प्रत काढा, शिफ्ट-कंट्रोल-डी. आता एकावर एक दोन सारखे फोटो आहेत. वरच्या प्रतीवर कलर्स मेनूतला कर्व्ह्ज उघडा, तिरक्या रेषेच्या मधोमध धरून वर ओढा. फक्त चेहऱ्याकडं बघा. तांदूळ जळतील, दार फिकं पडेल, पडू द्या. चेहरा नीट दिसला की ओके.

आता याच वरच्या लेयरवर उजवं क्लिक करा, ॲड लेयर मास्क निवडा. खिडकी विचारेल, मास्क कसा हवा? काळा निवडा, म्हणजे पूर्ण पारदर्शक. ओके म्हटल्याबरोबर उजळपणा नाहीसा होईल आणि नवा माणूस दचकेल. काही गेलेलं नाही. वरचा उजळ फोटो पूर्ण झाकला गेला आहे, म्हणून खालचा मूळ दिसतो. लेयरच्या यादीत छोट्या फोटोशेजारी एक काळा चौकोन आला असेल, तो मास्क.

त्या काळ्या चौकोनावर क्लिक करा. हे क्लिक विसरलात तर पुढचा ब्रश मास्कवर न चालता फोटोवर चालतो आणि आत्याच्या गालावर पांढरा पट्टा उमटतो. माझ्या हातून आजही महिन्यातून एकदा होतं.

डी दाबा, मग एक्स. रंग काळा-पांढरा होऊन पांढरा पुढं येईल. ब्रश मऊ कडेचा घ्या, आकार साधारण कपाळाएवढा, ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा दाटपणा, २० ते २५. चेहऱ्यावरून एक हात फिरवा आणि माउस सोडा. चेहरा किंचित उजळला. परत फिरवा, अजून थोडा. पावडर लावल्यासारखं, एकावर एक पातळ हात. कपाळाला कमी, डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली जास्त. कानापलीकडं गेलं तर एक्स दाबून काळा पुढं घ्या आणि मागं ढकला. बोट एक्सवरच ठेवा, सगळं काम त्या एका बटणावर चालतं.

झालं की ऑल्ट दाबून मास्कच्या चौकोनावर क्लिक करा. पडद्यावर नुसता मास्क दिसेल, काळ्या पाटीवर धुरकट पांढरा डाग. डागाला ठाम कडा असतील, ब्रशचे गोल गोल ठसे असतील, तर मास्कवरच गॉशियन ब्लर मारा, म्हणजे तो धूसर करा, फिल्टर्स मेनूतून, ३०-४० पिक्सेल. बारा मेगापिक्सेलच्या फोटोला एवढं लागतंच. परत ऑल्ट-क्लिक करून फोटोवर या. कंट्रोल-क्लिक केलं तर मास्क तात्पुरता बंद होतो, चौकोनाभोवती लाल चौकट येते. मास्क बंद-चालू करून बघत राहा.

आता चहा घेऊन या. खरंच या. अर्धा तास त्याच चेहऱ्याकडं बघून डोळा उजेडाला सरावतो आणि हात सैल सुटतो. परत येऊन बघाल तेव्हा चेहऱ्याला टॉर्च मारल्यासारखा वाटेल. लेयरची ओपॅसिटी शंभरावरून ६५-७० वर आणा. मी कधीही शंभरावर ठेवलेली आठवत नाही.

तिसरा धडा: भुरभुरणारे केस

चेहऱ्याच्या कडा मऊ होत्या म्हणून सोपं गेलं. आता मागचं निळं दार गडद करायचं आहे, आत्या पुढं यावी म्हणून. दार आणि आत्या यांच्यामध्ये तिचे पांढरे, अंबाड्यातून सुटून उडणारे केस. एकेक केस ब्रशनं रंगवायला बसलात तर दिवाळी येईल. इथं फोटोकडूनच मास्क बनवून घ्यायचा.

युक्ती अशी. रंगीत फोटो म्हणजे लाल, हिरवी, निळी अशी तीन कृष्णधवल चित्रं एकावर एक. निळ्या दारात लाल फार थोडा असतो, म्हणून लाल चित्रात दार जवळजवळ काळं दिसतं. पांढऱ्या केसांत तिन्ही रंग भरपूर, म्हणून तिथं केस पांढरेच. काळ्यावर पांढरे केस हा तयार मास्कच झाला की! तुमच्या फोटोत मागं हिरवं शेत असेल तर वेगळं चित्र कामाला येईल. काळे केस आणि पांढरी भिंत असेल तर सगळं उलटं.

सगळ्यात खालच्या मूळ लेयरची अजून एक प्रत काढा आणि ती यादीत सगळ्यात वर न्या. कलर्समधून डिसॅच्युरेट, त्यात मोनो मिक्सर. लाल १, हिरवा ०, निळा ०. ओके. मग लेव्हल्स उघडा. डावीकडची काळी खूण उजवीकडं सरकवा, दार पूर्ण काळं होईतो. उजवीकडची पांढरी खूण डावीकडं आणा, केस पांढरे होईतो. दोन्ही खुणा अगदी जवळ आणू नका. केसांच्या टोकांचा राखाडी धूर जाऊन तिथं तारेच्या ब्रशसारखे केस उरतील. थोडा राखाडी असूच द्या, केसाचं टोक खरोखर अर्धं केस आणि अर्धं दारच असतं.

आता हातानं भरणा. आत्याचा चेहरा, लुगडं, हात, सूप हे सगळं कडक कडेच्या पांढऱ्या ब्रशनं भरून टाका, केसांच्या भुरभुरीपासून दोन बोटं आत राहून. दारावरचे पोपडे पांढरट ठिपके म्हणून राहिले असतील, ते काळे करा. केसांच्या अगदी जवळचे राखाडी डाग कसे घालवायचे? ब्रशचा मोड ओव्हरले करा. या मोडमध्ये पांढरा ब्रश राखाडीला उजळतो पण निव्वळ काळ्याला धक्का लावत नाही, आणि काळा ब्रश राखाडीला गडद करतो पण निव्वळ पांढऱ्याला नाही. केसांवरून पांढरा, मधल्या फटींवरून काळा, ओपॅसिटी ३०. काम झालं की मोड परत नॉर्मल करा. नाहीतर पुढच्या फोटोत ब्रश का चालत नाही म्हणून तासभर डोकं धराल.

हे काळं-पांढरं चित्र आता मास्क करायचं. त्याच लेयरवर ॲड लेयर मास्क, पर्याय निवडा लेयरची ग्रेस्केल प्रत. मग त्या मास्कवर उजवं क्लिक, मास्क टू सिलेक्शन. मुंग्या आल्या. आता हा कृष्णधवल लेयर उडवून दिलात तरी चालेल, मुंग्या राहतात. चित्राचा मास्क झाला, मास्कचं सिलेक्शन झालं, आता सिलेक्शनचा परत मास्क होणार आहे. मघाशी म्हटलं ते हेच.

मूळ लेयरची पुन्हा एक प्रत काढा, ती चेहऱ्याच्या लेयरखाली ठेवा. ॲड लेयर मास्क, या वेळी पर्याय सिलेक्शन, आणि खालच्या इन्व्हर्ट मास्कवर खूण करा, कारण आपल्याला आत्या नको, दार हवं आहे. मुंग्या घालवा, कंट्रोल-शिफ्ट-ए. आता मास्कशेजारच्या फोटोवर क्लिक करून कर्व्ह्ज उघडा आणि रेषा खाली ओढा. दार गडद झालं, केस तसेच चमकत राहिले. थोडी सॅच्युरेशनही, म्हणजे रंगाचा भडकपणा, उतरवा. ओसरीची जमीनही गडद झाली असेल तर मास्कवर मोठ्या मऊ काळ्या ब्रशनं ती मोकळी करा.

फ्लेक्सवरची पांढरी रेघ

कुठल्याही गावच्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स जवळ जाऊन बघा. पुढाऱ्याच्या डोक्याभोवती पांढुरकी रेघ असते, मिश्यांची टोकं कात्रीनं कापल्यासारखी. बनवणाऱ्याला हसू नये, त्याला रात्रीत चाळीस मुंडकी कापायची असतात. पण ती रेघ कशानं येते ते कळलं तर आपल्याला टाळता येईल.

कडेवरच्या पिक्सेलमध्ये जुन्या पार्श्वभूमीचा रंग मिसळलेला असतो. पांढऱ्या भिंतीपुढं काढलेला फोटो भगव्यावर किंवा निळ्यावर ठेवला की ती उरलेली भिंत कडेनं चमकते. पहिला उपाय, मास्क करण्याआधी सिलेक्शन एक पिक्सेल आत घ्या, सिलेक्ट मेनूत श्रिंक आहे. खांद्याला, सदऱ्याला एवढं पुरतं. केसांना नाही, तिथं आत घेतलं की केसच जातात. केसांसाठी मास्क तसाच ठेवा आणि मास्कवर नव्हे तर फोटोवर क्लिक करून, आतल्या केसांचाच रंग उचलून कडेवरून रंगवा. हात सैल सोडून रंगवा, बाहेर गेलेला रंग मास्क दाखवतच नाही. पांढऱ्या भिंतीचे केस काळे झाले, आकार जिथल्या तिथं.

कड किती मऊ ठेवायची याला एकच मोजमाप आहे, त्याच फोटोतली शेजारची खरी कड. कॅमेऱ्यानं सदऱ्याची कॉलर दोन पिक्सेलांत संपवली असेल तर तुमची कडही दोनातच संपू द्या. मागं आउट ऑफ फोकस असलेला खांदा दहा पिक्सेलांत विरत असेल तर तिथं फेदर, म्हणजे कड मऊ करणं, दहाचा. सगळ्या आकृतीभोवती एकच फेदर मारला की माणूस पुठ्ठ्याचा दिसतो.

हल्ली एका बोटात पार्श्वभूमी काढणारी ॲप आणि बटणं आली आहेत. वापरा, मीही वापरतो. त्यांच्याकडून पहिला कच्चा मास्क घ्यायचा आणि मग गजरा, नथ, झिरझिरीत पदर आणि कमरेवर ठेवलेल्या हातामधली फट, या चार जागा न चुकता तपासायच्या. चुका तिथंच होतात. नुसता कापलेला फोटो देणारं ॲप असेल तर माझा त्याला नमस्कार, मास्क हातात आला पाहिजे.

ब्रश चालत नाही तेव्हा

नवीन माणसाचे निम्मे फोन याच एका तक्रारीचे असतात. क्रमानं बघा. कुठंतरी कोपऱ्यात चार पिक्सेलांचं सिलेक्शन जिवंत आहे का? कंट्रोल-शिफ्ट-ए मारा. तरी नाही, तर निवडलेला लेयर कोणता, आणि त्यात फोटो निवडलाय की मास्क? मग ब्रशची ओपॅसिटी आणि मोड. शेवटी रंग. काळ्या मास्कवर काळ्यानं रंगवणारे मी खूप पाहिले आहेत, आरशातही.

सेव्ह करताना गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल ठेवा. लेयर, मास्क सगळं तिच्यातच टिकतं. जेपेगमध्ये सगळे थर एक होतात आणि पारदर्शकता जाते, म्हणून जेपेग फक्त द्यायला, एक्सपोर्ट करून, वेगळ्या नावानं. कापलेली आकृती पारदर्शक द्यायची असेल तर पीएनजी.

आणि चारशे टक्क्यांवर झूम करून कडेशी झटापट करत बसण्याआधी एक सहा बाय चारची प्रत छापून बघा. पडद्यावर छळणाऱ्या निम्म्या चुका कागदावर सापडतही नाहीत, आणि पडद्यावर न दिसलेली एखादी दिसते. आत्याचा फोटो मी असाच छापून नेला. तिनं चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. चेहऱ्याबद्दल, केसांबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, "दाराला रंग कधी दिलास रे?"